एका वास्तुविशारदाची पहिली परवाना परीक्षा

आपल्याकडे वास्तुविशारद म्हणून व्यवसाय सुरू करण्यासाठी पदवीनंतर वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. आर्किटेक्ट्स ॲक्ट, १९७२ या कायद्यानुसार पाच वर्षांच्या मान्यताप्राप्त पदवीवर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी होते, आणि नोंदणी क्रमांक हाती आला की 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावण्याचा हक्क मिळतो. अमेरिकेत नोंदवलेला प्रत्यक्ष अनुभव आणि सहा विभागांची परीक्षा यांतून गेल्यावर परवाना मिळतो, तशी व्यवस्था इथे नाही. त्यामुळे लातुरात अनेक वर्षे घरे, दुकाने आणि गोदामे यांचे आराखडे केल्यानंतर, जिच्या निकालावर पुढचे काम करण्याचा अधिकार ठरतो अशी परीक्षा मी पहिल्यांदा दिली ती जमीन व इमारत या वर्गातील नोंदणीकृत मूल्यांकनकाराची, म्हणजे बँकेपासून बाजारापर्यंत सगळे ज्याला 'रजिस्टर्ड व्हॅल्यूअर' म्हणतात त्या कामाची. या परीक्षेच्या तयारीने माझ्या मूळ व्यवसायाकडे पाहण्याची माझी रीतच बदलली. मराठवाड्यातील जे तरुण वास्तुविशारद आणि स्थापत्य अभियंते या वाटेचा विचार करत असतील, त्यांच्यासाठी तो सगळा अनुभव मी इथे मांडत आहे.

निमित्त झाले ते एका डाळ मिलचे. लातूरची तुरीची बाजारपेठ मोठी असल्याने इथे डाळ मिल पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या एका कंपनीच्या गोदामाचा वाढीव भाग मी पूर्वी आखलेला होता. पुढे ती कंपनी नादारीच्या कार्यवाहीत गेली आणि मालमत्तेची किंमत ठरवायला बाहेरगावचे दोन मूल्यांकनकार स्वतंत्रपणे येऊन गेले. जुने नकाशे घेऊन मला बोलावले होते. त्यांपैकी एका ज्येष्ठ सरांनी गोदामाची मापे माझ्या नकाशाशी ताडून पाहिली आणि मग विचारले, "मॅडम, हा वाढीव भाग मंजूर नकाशात आहे का? अकृषिक आदेश कुठल्या क्षेत्राचा आहे? मागच्या बाजूच्या रस्त्यावर कंपनीचा वहिवाटीचा हक्क कागदावर आहे, की नुसता वापर आहे?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी लगेच दिले. उरलेल्या दोन्हींची उत्तरे नकाशात नव्हती, ती महसुली दप्तरात आणि खरेदीखतात होती, आणि त्या मालमत्तेची किंमत मुख्यत्वे त्याच उत्तरांवर अवलंबून होती. मी आखलेल्या इमारतीविषयी तिच्या मापांपलीकडे इतके जाणून घेण्यासारखे आहे, ही गोष्ट माझ्या मनात ठाण मांडून बसली, आणि त्याच आठवड्यात मी या नोंदणीचे नियम काढून वाचले.

या नोंदणीचा आधार कंपनी अधिनियम, २०१३ मधील कलम २४७ आणि त्याखाली ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेले नियम हा आहे. या नियमांखालील प्राधिकरण म्हणून भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ, म्हणजे आयबीबीआय, काम पाहते. मालमत्तेचे वर्ग तीन आहेत: जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे किंवा वित्तीय मालमत्ता. पहिल्या वर्गासाठी स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नगररचना यांतील पदवी आणि पदवीनंतरचा पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर शिक्षण असेल तर तीन वर्षे पुरतात. डाळ मिलसारख्या ठिकाणी हे वर्ग प्रत्यक्ष डोळ्यांसमोर वेगळे होतात. शेड, कुंपणाची भिंत आणि जमीन एका वर्गातील मूल्यांकनकार पाहतो, तर आतली यंत्रे दुसऱ्या वर्गातील. एका वर्गाच्या नोंदणीवर दुसऱ्याचे काम करता येत नाही, आणि हे बंधन मला अगदी योग्य वाटते.

परीक्षेला थेट बसता येत नाही. आधी एखाद्या मान्यताप्राप्त मूल्यांकनकार संघटनेचे सभासद व्हावे लागते आणि तिने घेतलेला ५० तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. माझा अभ्यासक्रम ऑनलाइन झाला. दिवसभर साइटवर उभे राहून संध्याकाळी पडद्यासमोर बसणे थकवणारे होते. पण वर्गात निम्मे लोक अभियंते, काही बँकेतून निवृत्त झालेले आणि काही नगररचना विभागात काम केलेले असल्याने प्रश्नोत्तरांचा भाग व्याख्यानाइतकाच मोलाचा ठरला. अर्थशास्त्र, हिशेबशास्त्र, विमा आणि पर्यावरण हे विषय वास्तुविशारदाला नवे असतात. ताळेबंद वाचायला शिकणे आणि रेपो दर बदलला की भांडवलीकरणाच्या दरावर, म्हणजे उत्पन्नावरून किंमत काढताना धरायच्या परताव्याच्या टक्केवारीवर, त्याचा परिणाम कसा होतो हे समजून घेणे, याला वेळ द्यावा लागला. मात्र हा भाग पाठ केला की येतो, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे फारसे नाही.

खरा रस मूल्यांकनाच्या पद्धतींत आहे. त्या मुख्यतः तीन आहेत. परिसरातल्या तशाच मालमत्तांच्या विक्रीव्यवहारांशी तुलना करून किंमत काढणे ही बाजार पद्धत. मिळणाऱ्या भाड्यावरून भांडवली किंमत काढणे ही उत्पन्न पद्धत. आणि जमिनीची किंमत अधिक आज तीच इमारत बांधण्याचा खर्च, त्यातून घसारा, म्हणजे वयाने आणि वापराने झालेली घट, वजा, ही खर्च पद्धत. वास्तुविशारदाला तिसरी पद्धत जवळची वाटते, कारण दर चौरस फुटाचा बांधकाम खर्च त्याच्या जिभेवर असतो. मला मात्र सर्वांत जास्त शिकवले ते दुसरीने. समजा, बाजारपेठेतील एका दुकानाचे महिन्याचे भाडे २०,००० रुपये आहे. वर्षाचे २,४०,००० झाले. त्यातून कर, दुरुस्ती, विमा, भाडेवसुली आणि रिकामे राहण्याचा काळ यांसाठी ४०,००० वजा केले, तर निव्वळ उत्पन्न २,००,००० उरते. भांडवलीकरणाचा दर ८ टक्के धरला, तर त्याला १०० भागिले ८, म्हणजे १२.५ ने गुणायचे, आणि किंमत २५,००,००० होते. दर १० टक्के धरला, तर गुणक १० होतो आणि तेच दुकान २०,००,००० वर येते. दोन टक्क्यांच्या फरकाने पाच लाख रुपये गेले, आणि ते दोन टक्के ठरवणारा माणूस मूल्यांकनकार आहे. हे गणित वहीत पहिल्यांदा सोडवले तेव्हा पुढच्या जबाबदारीचा पहिला खरा अंदाज आला. दर कुठून घेतला, का घेतला आणि त्याला बाजारातला कोणता पुरावा आहे, हे अहवालात लिहिणे बंधनकारक का आहे, हेही तेव्हाच पटले.

घसाऱ्याचे प्रकरण वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवून औसा तालुक्यातील एका ओळखीच्या घराण्याचा जुना वाडा मोजायला गेले. सरळ रेषेच्या पद्धतीत इमारतीचे आयुष्य ६० वर्षे आणि शेवटी उरणारी मोडीची किंमत १० टक्के धरली, तर २० वर्षे झालेल्या इमारतीचा घसारा ३० टक्के येतो. आरसीसी घरासाठी हे ठीक आहे. शंभरी ओलांडलेल्या वाड्याला हे सूत्र लावले, तर मोडीच्या किमतीशिवाय काहीच उरत नाही. आणि तिथे तर माणसे राहत होती, ओसरीवर ज्वारीची पोती होती आणि माजघरात चूल पेटत होती. भिंती अडीच फुटांच्या, दगडाच्या आणि मातीत रचलेल्या. वर माळवद. सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडी किलचण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. घरातले आजोबा म्हणाले, "ताई, पावसाच्या आधी दर साली पांढरी टाकावी लागती, नाहीतर गळतंय." मी जिन्याजवळच्या उघड्या कडेला टेप लावून पाहिला, तर मातीचा थर दोन फुटांच्या आसपास भरला. वर्षानुवर्षांची प्रत्येक डागडुजी छतावर वजन होऊन साचलेली होती.

औसा तालुक्यात उभे राहून हे पाहणाऱ्याला किल्लारी आठवल्यावाचून राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, झालेल्या त्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली, आणि त्यांतील बहुतेकांचा जीव घेतला तो अशाच मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि जड माळवदांनी. त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात होता. २००२ साली भारतीय मानक बदलले तेव्हा तो क्षेत्र ३, म्हणजे मध्यम धोक्याच्या वर्गात आला. मूल्यांकनाच्या अभ्यासात याचा अर्थ असा, की इमारतीचे उरलेले आयुष्य तिच्या वयावरून काढायचे नसते. भिंतीला आडवी बांधणी आहे का, भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना धरून ठेवणारे आरपार दगड टाकलेले आहेत का, छताचे वजन किती आहे, कोपरे फुगलेले आहेत का, हे पाहून ते ठरवायचे असते. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. इमारत म्हणून ज्या वाड्याची किंमत जवळजवळ शून्य येईल, त्याच्या सागवानाला बाजारात चांगले गिऱ्हाईक असते, आणि ती मोडीची किंमत एखाद्या कोष्टकातल्या १० टक्क्यांच्या आकड्यात मावत नाही. वास्तुविशारद म्हणून मला त्या वाड्याचे जतन व्हावेसे वाटते. मूल्यांकनकार म्हणून मला त्या खांबांची लांबी, जाडी आणि वाळवी लागलेला भाग लिहून घ्यावा लागतो. ही दोन्ही कामे एकाच माणसाने करण्यात मला विसंगती वाटत नाही, कारण काय आहे याची अचूक नोंद झाल्याशिवाय काय वाचवायचे हे ठरवता येत नाही.

कायद्याचा भाग बहुतेकांना नकोसा होतो. मला तो सर्वांत जास्त आवडला, आणि त्याचे श्रेय मराठवाड्यातील जमिनींच्या इतिहासाला आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील विक्री, गहाण आणि भाडेपट्टा यांच्या व्याख्या देशभर एकच असल्या, तरी आपल्या भागात जमिनीचे मूळ शोधू लागलो की आपण हैदराबाद संस्थानाच्या दप्तरात जाऊन पोहोचतो. खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक या जुन्या महसुली नोंदींशिवाय इथला शोध अहवाल, म्हणजे मालकीच्या साखळीची तपासणी, पुरा होत नाही. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० आणि हैदराबाद इनाम निर्मूलनाचा १९५४ चा कायदा हे दोन्ही आजही एखाद्या साध्या दिसणाऱ्या प्लॉटच्या किमतीवर परिणाम करतात. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असेल, तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि जी सहज विकता येत नाही तिची किंमत शेजारच्या वर्ग १ च्या जमिनीइतकी धरणे चूक आहे. मदतमाश इनामाच्या, म्हणजे उदरनिर्वाहासाठी दिलेल्या, जमिनी, देवस्थानाच्या जमिनी, गुंठेवारीत पडलेले प्लॉट या प्रत्येकाचा पेच निराळा. छत्रपती संभाजीनगरच्या कित्येक वसाहती गुंठेवारीच्या आहेत आणि त्या नियमित झाल्या आहेत की नाहीत, यावर घराची किंमत आणि बँकेची तयारी दोन्ही अवलंबून असतात. माझ्या ओळखीच्या एका वकील काकांनी जुने फेरफार उलटे वाचत मागे जायला मला शिकवले. आजच्या मालकापासून सुरुवात करायची, प्रत्येक नोंद कोणत्या फेरफाराने झाली ते पाहायचे आणि साखळी जिथे तुटते तिथे थांबायचे.

न्यायनिवाड्यांत चिमणलाल हरगोविंददास विरुद्ध विशेष भूसंपादन अधिकारी, पुणे हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा निकाल मी पुन:पुन्हा वाचला. बाजारभाव ठरवताना तुलनेसाठी घेतलेल्या व्यवहारात आणि आपल्या जमिनीत कोणते फरक अधिक बाजूला मोजायचे आणि कोणते उणे बाजूला, याची मांडणी त्यात आहे: लहान क्षेत्र, रस्त्याला लागून असणे, दर्शनी रुंदी आणि वस्तीची जवळीक यांनी किंमत वाढते, मोठे क्षेत्र, आत असणे, सखल असणे, रुंदीपेक्षा खोली फार असणे यांनी ती कमी होते. लहान प्लॉटचा दर मोठ्या शेताला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण शेताचे प्लॉट पाडायचे म्हटले तर रस्ते आणि मोकळ्या जागा सोडाव्या लागतात, खर्च करावा लागतो आणि विक्रीसाठी थांबावे लागते. जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून समृद्धी महामार्ग गेला तेव्हा मोबदल्याची चर्चा गावोगाव झाली. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील कलम २६ प्रमाणे बाजारमूल्य कसे काढतात आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम कशी मिळते, हे त्या गावांतील शेतकरी माझ्या वर्गातील अनेकांपेक्षा चांगले सांगू शकतात. लातूरमध्ये तुलना करताना मी आणखी एक बाब कायम लिहून घेते, ती म्हणजे पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात बोअरला पाणी असलेला प्लॉट आणि कोरडा प्लॉट यांचा दर एक असूच शकत नाही, आणि वार्षिक मूल्यदर तक्त्यात, म्हणजे रेडी रेकनरमध्ये, हा फरक दिसत नाही.

परीक्षा संगणकावर होते. दोन तास, १०० गुण, उत्तीर्ण होण्यासाठी ६० गुण, आणि चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या २५ टक्के वजावट. मी पुण्याचे केंद्र घेतले आणि आदल्या दिवशीच बार्शी-टेंभुर्णी मार्गाने जाऊन मुक्काम केला. रात्रभराच्या प्रवासानंतर परीक्षेला बसणे मला शहाणपणाचे वाटत नाही. केंद्रावर ओळखपत्राची तपासणी झाली, सोबतच्या वस्तू बाहेर ठेवाव्या लागल्या, आणि आत शेजारच्या संगणकांवर वेगवेगळ्या परीक्षांचे उमेदवार बसलेले होते. पडद्यावर उरलेल्या वेळेचे घड्याळ सतत दिसत राहते.

वजावटीमुळे प्रश्न सोडण्याचा निर्णय उत्तर देण्याइतकाच महत्त्वाचा होतो. मी आधी कायदा आणि व्यावसायिक आचारसंहिता यांचे प्रश्न घेतले, कारण ते एकतर येतात किंवा येत नाहीत. मग छोटी गणिते, आणि शेवटी प्रकरण अभ्यास, ज्यात एका मालमत्तेचे वर्णन देऊन त्यावर अनेक प्रश्न विचारलेले असतात आणि गुण जास्त असतात. तिथे वाचनाची सवय कामी येते. वर्णनात कुठेतरी एका वाक्यात भाडेपट्ट्याची उरलेली वर्षे दिलेली असतात आणि सगळे उत्तर त्यावर फिरते. तयारी करताना गुणकांची कोष्टके पाठ करण्यापेक्षा सूत्रावरून गुणक काढण्याचा सराव मी केला होता, त्याचा तिथे उपयोग झाला. ज्या प्रश्नांत चारपैकी दोन पर्याय निश्चित बाद करता आले, तिथे मी उत्तर दिले. जिथे एकही बाद करता आला नाही, ते तसेच सोडले. उत्तरपत्रिका सादर करताच तात्पुरते गुणपत्रक मिळते. मी उत्तीर्ण झाले होते. बाहेर येऊन पहिला फोन घरी केला आणि दुसरा त्या ज्येष्ठ सरांना. ते म्हणाले, "अभिनंदन. आता अर्जाला उशीर करू नका, आणि पहिला अहवाल पाठवण्याआधी तो तुमच्याशी अजिबात संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्या."

अर्जाची बाब त्यांनी उगाच काढली नव्हती. परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो, आणि तो संघटनेच्या शिफारशीसह ठरलेल्या नमुन्यात ५,००० रुपये शुल्क भरून आयबीबीआयकडे जातो. अनुभवाची प्रमाणपत्रे जमवायला सर्वांत जास्त वेळ जातो, विशेषतः स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला, कारण त्याला नोकरीचे पत्र देणारे कोणी नसते. कामाचे आदेश, मंजूर नकाशांच्या प्रती आणि विवरणपत्रे वर्षनिहाय लावून ठेवली तर हे काम हलके होते, आणि ते परीक्षेच्या आधीच करून ठेवावे असे मी आग्रहाने सांगेन.

नोंदणीनंतर माझ्या कार्यालयात काही गोष्टी ठरून गेल्या. मूल्यांकनाचे शुल्क किमतीच्या आकड्याशी जोडलेले नसते. ज्या इमारतीचा आराखडा मी केला आहे तिच्या मूल्यांकनाचे काम मी घेत नाही, कारण कलम २४७ मूल्यांकनकाराला ज्या मालमत्तेत स्वतःचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे तिचे मूल्यांकन करू देत नाही, आणि त्या कलमाचा आशय मी शक्य तितका व्यापक मानते. कोणी फोनवर विचारले, "ताई, माझ्या घराची किंमत किती येईल?", तर मी आधी विचारते, कशासाठी हवी आहे आणि कोणत्या तारखेची. कर्जासाठी, वाटणीसाठी, नादारीच्या कार्यवाहीसाठी की आयकरासाठी, हे कळल्याशिवाय किंमत सांगता येत नाही. नादारीच्या प्रकरणात तर कार्यवाही सुरू झाली त्या तारखेची रास्त किंमत आणि अवसायनातील, म्हणजे कंपनी मोडीत काढून विकल्यास येणारी, किंमत असे दोन आकडे द्यावे लागतात, आणि त्याच मालमत्तेवर नेमलेल्या दुसऱ्या मूल्यांकनकाराने आपला अंदाज स्वतंत्रपणे द्यायचा असतो. लोकांना हे प्रश्न आधी अनावश्यक वाटतात. मग ते सांगतात, की थोरल्या भावाशी वाटणी करायची आहे आणि वडील वारले ती तारीख धरायची आहे; तेव्हा मी त्यांना सातबारा, फेरफार, मालमत्ता पत्रक आणि मंजूर नकाशा घेऊन यायला सांगते आणि पाहणीचा दिवस ठरवते.